फुली

गेल्या महिन्यात शेजारच्या आंटीच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडात स्विंडनमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये शंभर-दीडशे माणसं जमली होती, बहुतेक सगळी गोव्यातल्या सासष्टीतली. एका टेबलावर सोरपोतेल आणि सान्नांची भांडी, समोर मांडोपासून पंजाबी गाण्यांपर्यंत काहीही वाजवणारा डीजे. मी रवा-नारळाच्या केकची बशी घेऊन भिंतीला टेकून उभी होते. तेवढ्यात आंटीनं माझा हात धरला आणि लिस्बनहून आलेल्या भाच्याशी माझी ओळख करून दिली, तीही आजूबाजूच्या चारपाच जणांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ही आमची शेजारीण, वेंगुर्ल्याची. रेफरेंडमाक आमकां व्होट नासलो न्हय, हिणें आमचेखातीर व्होट घालो." भाच्यानं माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. त्याची बायको "थँक यू हां" म्हणाली. मी हसले. केकचा घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

मी आंटीच्या बाजूनं मत दिलं नव्हतं.

हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितेय. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला वाटलं विचारायचं काय त्यात. आंटीनंही विचारलं नाही. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या निकालाच्या सकाळी ती रडत दारात आली, मी तिला पोटाशी धरलं, चहा करून दिला, आणि तिनं तिच्यापुरता अर्थ लावून घेतला. मी तो खोडला नाही. आता नऊ वर्षांनी खोडायचा तर केकच्या बशीसकट कुठून सुरुवात करायची?

मुळात मला मत होतं हेच गावी सुट्टीवर गेल्यावर कुणाला पटत नाही. भारतीय पासपोर्ट, नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली बाई, आणि ब्रिटननं युरोपात राहायचं की नाही हे ठरवणार ती? पण तसंच होतं. राष्ट्रकुल देशांच्या इथं राहणाऱ्या नागरिकांना मत होतं. युरोपियन युनियनच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे सोडले तर, नव्हतं. आमच्या उजव्या हाताचं घर पोलिश, डाव्या हाताचं आंटीचं. आंटी जन्मली सासष्टीत, १९५९ साली, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत. त्या जन्मनोंदीवर तिनं उतारवयात पोर्तुगालचा पासपोर्ट काढला, भारताचा सोडला, आणि लिस्बनमध्ये जेमतेम चार दिवस काढून स्विंडनला आली. इथं अशी हजारो गोंयकार घरं आहेत. पासपोर्ट बदलला नसता तर तिला इथं येता आलं नसतं; बदलला म्हणून मत नव्हतं. माझ्या मतदानाचं कार्ड आलेलं तिनंच दारातल्या टपालातून उचलून दिलं होतं. ते उलटसुलट करून बघत म्हणाली, "तुका आसा, माका ना. कितें गो हें?"

मी कशाला तसं केलं, ते सांगते. ऐकायला लहान वाटेल. २०१५ च्या सुरुवातीला मला दिवस भरत आले होते आणि आई येणार होती. बाबांनी पेन्शनची कागदं, बँकेची पासबुकं, कलमांच्या जमिनीचे सातबारा उतारे, सगळं इंग्रजीत भाषांतर करून जोडलं. व्हिसा नाकारला. मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही, असं एका वाक्यात. आंब्याला मोहोर आला की माझी आई सख्ख्या बहिणीकडे रत्नागिरीला दोन रात्री राहत नाही, ती स्विंडनला लपून राहणार होती! त्याच आठवड्यात पलीकडच्या पोलिश मुलीचीही वेळ जवळ आली होती. तिची आई शनिवारी एक चाकांची बॅग ओढत आली. खारवलेल्या काकड्यांच्या बरण्यांचा आवाज त्या बॅगेतून मला भिंतीपलीकडेही येत होता. ना अर्ज, ना फी. मी खिडकीत उभी होते, पाय सुजलेले. त्या म्हातारीनं मला हात केला. मी पण केला. पण आतून काय वाटलं ते मला अजून आठवतं, आणि त्याचं मला फारसं कौतुक नाही.

पुढे २०१६ च्या वसंतात प्रचार तापला तेव्हा हाच सल चुचकारणारी माणसं बरोबर हजर झाली. युरोपातनं कुणीही उठून येतो आणि तुमच्या लोकांना मात्र पगाराची अट, असं प्रीती पटेल यांच्यासारख्या मंत्री सांगत होत्या. करी हाऊसना आचारी मिळत नाहीत, युरोपचं दार लोटलं की तुमचं उघडेल. त्याच एप्रिलमध्ये कायमच्या वास्तव्यासाठी वर्षाला ३५,००० पौंडांची अट लागू झाली होती, नवऱ्याच्या ऑफिसातला एक मुलगा त्यापायी सामान बांधत होता. आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज हाणामारी. बाहेर पडायच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले, युरोपला आठवड्याला जाणारे ३५ कोटी पौंड कुणी खरे मानले असतील असं मला वाटत नाही. पण आईचं ते नकाराचं पत्र खोटं नव्हतं.

२३ जूनला गुरुवार होता. लंडनकडे मुसळधार पाऊस, गाड्या खोळंबलेल्या, नवरा तिकडेच अडकलेला. मी बाळाला बाबागाडीत घालून मत द्यायला गेले. आपल्याकडच्या मतदानाची सवय असलेल्या माणसाला तिथं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पोलीस नाही, रांग नाही, शाई नाही. दोन म्हाताऱ्या बायका टेबलामागे बसलेल्या, एकीच्या पुढ्यात थर्मास. त्यांनी नाव आणि पत्ता विचारला. त्या वेळी ओळखपत्रसुद्धा लागत नसे. यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ मारली आणि कागद दिला. प्लायवूडच्या आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल, बोटभर उरलेली, टोक बोथट. आणि हवं त्यासमोर फुली मारायची. शाळेत आयुष्यभर फुली म्हणजे चूक शिकलेली मी. ज्यावर फुली मारतोय तेच आपल्याला हवंय हे मनाला पटायला एक क्षण लागतो. पेन्सिल खोडता येते म्हणून घरून पेन न्या, असं त्या दिवसांत लोक एकमेकांना सांगत होते. माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी पेन्सिलच वापरली. खालच्या, 'बाहेर'च्या चौकोनात फुली मारली. दोन रेघा. पहिली फिकट उमटली म्हणून परत गिरवली.

ती परत गिरवलेली रेघ मला जास्त आठवते.

त्या रात्री संडरलंडचा आकडा आला तेव्हा मी बाळाला पाजत होते. ६१ टक्के बाहेर. टीव्हीच्या कोपऱ्यात पौंडाचा भाव वितळत होता. संध्याकाळी दीड डॉलर, सकाळपर्यंत १.३२, म्हणजे १९८५ नंतरचा नीचांक. उजाडायच्या आधीच निकाल स्पष्ट झाला, ५१.९ विरुद्ध ४८.१. आमच्या स्विंडननंही ५४.७ टक्के बाहेरच्या बाजूनं मत दिलं होतं. आठनंतर पंतप्रधान कॅमेरून दारात येऊन राजीनाम्याचं बोलले. मी जिंकले होते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. खरं सांगते, मला वाटलंच नव्हतं. मला एक फटका मारायचा होता, भांडं फुटायला नको होतं. बाबांचा फोन आला, "काय गो, पौंड पडलो म्हणतंत?" आणि मग आईनं घेतला. तिला वेगळंच पडलेलं, "तुया मत दिलंस मा? बोट दाखव बघूया." मी कॅमेऱ्यासमोर स्वच्छ बोट धरलं.

पौंड मग पडतच राहिला. आम्ही कुडाळच्या फ्लॅटच्या कर्जासाठी महिन्याला सहाशे पौंड पाठवत होतो. जूनमध्ये पौंड शंभराच्या आसपास होता, म्हणजे साठ हजार. ऑक्टोबरात ऐंशी-ब्याऐंशी. त्याच सहाशेचे एकोणपन्नास हजार. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं असायचं ते तीन महिन्यांचं झालं. कुणी कुणाला काढत नव्हतं, फक्त कुणी काही ठरवत नव्हतं. "चित्र स्पष्ट झाल्यावर बघू" हे वाक्य मी त्या चार वर्षांत इतक्या तोंडून ऐकलं की घरमालकानं गिझर बदलायलाही तेच कारण दिलं तेव्हा हसू आलं.

माझ्या आजीचं माहेर पेडण्याचं. तिला कौलाचं सगळं तोंडपाठ होतं. कौल म्हणजे १९६७ चा, १६ जानेवारीचा. गोवा महाराष्ट्रात घालायचा असेल तर फूल, संघप्रदेश ठेवायचा तर दोन पानं. आजी लग्न होऊन वेंगुर्ल्यात आलेली, तिला मत नव्हतं; तिच्या दोन भावांना होतं. थोरला पेडण्यात शेती करणारा, विलीनीकरण मागणाऱ्या मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा भक्त, त्याचं फूल. धाकटा मडगावला एका पेढीवर कारकून, त्याची दोन पानं. विरोधात १,७२,१९१ आणि बाजूनं १,३८,१७०. विलीनीकरण पडलं, आणि गंमत म्हणजे त्यानंतर काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत बांदोडकरच परत निवडून आले. लोकांना काय हवं असतं ते एका चिठ्ठीत मावत नसावं. त्या वर्षी चवथीला धाकटा भाऊ माहेरच्या घरी आला, गणपतीला नमस्कार केला, पायरीवर पाणी प्यायला आणि जेवणाची पानं मांडलेली असताना निघून गेला. आजी म्हणायची, "त्या फुला-पानांनी घर फोडल्यानी." पुढे ते भाऊ बोलायला लागले. पण जेवणाचा विषय निघाला की आजी अजून पदराला हात पुसायची.

हीच गोष्ट मी एकदा आंटीला सांगितली, तर ती टाळ्या पिटून हसली. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून "दोन पानां! दोन पानां!" ओरडत मिरवणुकीत गेलेली. तिच्यासाठी तो आयुष्यातला सर्वांत मोठा सण होता, नाताळापेक्षा मोठा. आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या होतो, तिच्या हातात कोथिंबिरीची कुंडी. ती म्हणाली, जिंकलो आम्ही, पण मग पोटासाठी सगळे गेले, कुणी गल्फला, कुणी बोटीवर, आम्ही इथे. माझ्या मनात गोव्याच्या हद्दीवरचा बांद्याचा नाका होता. दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं दुखणं वाढलं की गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात, जवळ तेच. २०१८ मध्ये तिथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना फी सुरू झाली, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा गदारोळ झाला होता. कौलाच्या वेळी जन्मालाही न आलेली माणसं केस पेपर हातात घेऊन आधार कार्डावरचा पत्ता दाखवत होती.

पलीकडचं पोलिश कुटुंब २०१८ च्या शरद ऋतूत गेलं. कुणी हाकललं नाही. त्यांच्या घराबाहेर पाटी लागली, मग ती काढली. जाताना ती मुलगी माझ्या मुलाला त्यांची तीनचाकी देऊन गेली. मी विचारलं का जाताय, तर ती म्हणाली, आता आवाज वेगळा येतो. मी अजून त्या शब्दांचा नीट अर्थ लावू शकलेले नाही, किंवा लावायचा नाही.

मग ती वाट बघण्याची वर्षं. पंतप्रधान थेरेसा मे यांचा युरोपशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ ला संसदेत २३० मतांनी पडला, तारखा पुढे ढकलल्या, मार्च, एप्रिल, ऑक्टोबर. सभापती बर्कोंची "ऑर्डर, ऑर्डर" आरोळी आमचा मुलगा जेवताना मारायचा. नो डील, म्हणजे कराराशिवायच बाहेर पडणं, झालं तर बंदरावर ट्रक कसे थांबवायचे याची सरकारनं एका ओस पडलेल्या विमानतळावर रंगीत तालीम घेतली, आणि तिला ८९ ट्रक आले. खरोखर ८९. आंटीनं सुकी सुंगटं, तांदूळ आणि पॅरासिटामॉल साठवलं. मी तूरडाळ. तूरडाळ युरोपातून येत नाही हे मला माहीत होतं. पण दुकानात सगळे काहीतरी उचलत होते, हात रिकामा ठेवून उभं राहवेना. फेब्रुवारीत होंडानं स्विंडनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणाली, ब्रेक्झिटचा संबंध नाही, विजेच्या गाड्यांमुळे जगभराचं गणित बदललंय. असेलही तसं. पण आंटीचा नवरा सुटे भाग पुरवणाऱ्या गोदामात होता, आणि त्या संध्याकाळी तो परसात सिगारेट ओढत किती वेळ बसला होता ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. मी दिवा लावला नाही.

एप्रिलमध्ये आंटी पासपोर्ट घेऊन आली. युरोपच्या लोकांनी इथं राहायचं तर आता अर्ज करायचा होता, फोनवरून. तिच्याकडे मुलानं दिलेला आयफोन, आणि ते अ‍ॅप तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं. माझा फोन अँड्रॉइड. आम्ही डायनिंग टेबलावर बसलो. आधी पासपोर्टच्या पानाचा फोटो, मग फोन पासपोर्टवर टेकवून आतली चिप वाचायची. वाचेना. फोन वर सरकवला, खाली सरकवला, कव्हर काढलं, टेबलाच्या लोखंडी कडेचा त्रास असेल म्हणून खाली पोळपाट ठेवला. पोळपाटावर पोर्तुगालचा पासपोर्ट, त्यावर माझा फोन, त्यावर आंटीचा हात, आणि तिचे ओठ पुटपुटत होते, बहुतेक सांत आंतोनला. शेवटी टुंग झालं. पुढे चेहरा. ती म्हणाली थांब, आणि आरशात जाऊन केस सारखे करून, लिपस्टिक लावून आली. फोन तिच्या तोंडासमोर धरल्यावर पडद्यावरून रंग झरझर बदलतात, लाल, हिरवा, निळा, जिवंत माणूस आहे का हे तपासायला. स्वयंपाकघरातल्या संध्याकाळच्या अंधारात तिच्या साठ वर्षांच्या चेहऱ्यावरून ते रंग गेले. तिनं डोळे मिटले नाहीत. मी फोन धरला होता, तो हलू नये म्हणून मला श्वास रोखावा लागला. नंतर प्रश्न आले, गुन्हे केलेत का, दहशतवादी कारवायांत भाग घेतलाय का. तिनं "सायबा!" म्हणून क्रूस केला आणि मी "नाही"वर बोट दाबलं.

त्या वेळी सांगता आलं असतं. जीभेवर आलंही होतं. मग ती म्हणाली, "तू नासल्यार हांव कितें करतलें गो बाय?" आणि मी उठून चहा टाकला.

रात्री कधी झोप येत नाही तेव्हा मी हिशेब करते. फरक १२ लाख ६९ हजारांचा होता. स्विंडनमध्ये बाहेरच्या बाजूला ६१,७४५ फुल्या पडल्या, त्यातली एक माझी. ती नसती तर काहीच हललं नसतं. गणित बिनचूक आहे. आई शेवटी २०१७ मध्ये आलीच, ब्रेक्झिटशी काही संबंध नसताना, त्याच कागदांवर. सहा आठवडे राहिली आणि चौथ्या आठवड्यापासून काजूच्या बागेची काळजी करत होती. आंटीनं तिला बस नंबर, स्वस्त मासळी, हीटरचं बटण सगळं दाखवलं. दोघी कोकणी-मालवणीत तासन्‌तास बोलायच्या. आणि मी ज्यासाठी फुली मारली असं मला वाटत होतं तेही झालं: २०२१ पासून नवे व्हिसा नियम आले, युरोपची वाट बंद झाली आणि भारतातून येणारे सर्वांत पुढे गेले. माझा मावसभाऊ त्यातच आला. २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं श्वेतपत्रिका काढून कायमच्या वास्तव्यासाठी पाचाची दहा वर्षं करायचं म्हटलं, तेव्हापासून तो रोज मला फोन करतो. ताई, आमच्यावर एवढा राग का गो यांचा? मी त्याला काय सांगणार.

परवा रविवारी आंटीचा रिकामा डबा परत द्यायचा होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून खापरोळ्या केल्या, नारळाच्या गोड रसासकट. कुंपणापाशी हाक मारायला गेले तर तीच आतून ओरडली, की फोनकडे बघ, आला असेल. तिचा पासपोर्ट संपला, नवा आलाय, त्याचा नंबर सरकारच्या खात्यात घालायचाय. २०१९ मध्ये अर्ज माझ्याच फोनवरून केला, म्हणून त्या खात्याला मी माझाच मोबाइल नंबर दिला होता. इथल्या तिच्या राहण्याच्या हक्काचा कागद असा काही नाही, सगळं ऑनलाइन. नोकरी बदलली, घर भाड्यानं घ्यायचं झालं, काहीही झालं की ती आत शिरू पाहते आणि सहा आकडे माझ्या फोनवर येतात. सहा वर्षं येताहेत. कधी मी भाजी बाजारात असते, कधी मुलाच्या शाळेत. मी उभ्या उभ्या वाचून दाखवते.

फोन थरथरला. डबा कुंपणाच्या फळीवर टेकवून मी वाचायला लागले. चार. शून्य. आंटी आतून मागोमाग म्हणत होती, चार, शून्य. सात, एक, एक. "एक दोन वेळा?" "हो, दोन वेळा." मग शेवटचा. तिचा नवरा लॅपटॉपवर एका बोटानं टाइप करत होता, त्याला वेळ लागत होता. कोडची मुदत संपेल म्हणून ती त्याच्यावर खेकसली. मी रस सांडू नये म्हणून डबा एका हातानं धरून उभी राहिले.

"परत सांग गो बाय, पयल्यापासून," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून सांगितलं.